डोळे कोरडे, तरी पाणी

"काकू, तुमचे डोळे कोरडे पडलेत," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पदरानं गालावरचं पाणी पुसत होते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते. दिसत होतं लख्ख. बिबवेवाडीतल्या आमच्या गॅलरीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचता यायची. पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं सतत खुपायचं आणि पाणी थांबायचं नाही. होईल आपोआप बरं, म्हणून मी कुणाला बोलले नाही. शेवटी सून प्रणालीनं रजा काढून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी समजावलं, "याला ड्राय आय म्हणतात. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. ऑपरेशननंतर तो काही काळ बिघडू शकतो. मग डोळा चुरचुरतो आणि उगाच पाणी सोडतो. ऑपरेशन उत्तम झालंय."

"म्हणजे आई रडत नव्हत्या?" प्रणालीनं विचारलं आणि तिथंच तिला हुंदका फुटला.

मला काही कळेना. प्रणाली मूळची अमरावतीची, आयटी कंपनीत नोकरी करते. उशिरा येते, दमलेली असते. मग तिनंच सांगितलं, शेजारच्या सुमनताईंनी तिला जिन्यात गाठून म्हटलं होतं, "कंपनी सांभाळा हो, पण सासूला रडवू नका." आणि तिला ते खरं वाटलं होतं! आपलं काय चुकतंय, हे ती मनातल्या मनात शोधत होती. मी तिचा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर आधी सुमनताईंची बेल वाजवली. "मला ड्राय आय झालाय. डोळे कोरडे आहेत."

"कोरडे? मग हे गालावर काय, गुलाबपाणी?"

"आजार आहे तो. माझ्या सुनेला पुन्हा असं बोलायचं नाही."

डॉक्टरांनी दिलेले थेंब मला स्वतःला घालता येत नसत. निम्मे कानात जायचे. प्रणाली घालायची. "आई, वर बघा, पंख्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा."

तुम्हालाही असा त्रास होत असेल, तर डोळे चोळू नका, पंख्याच्या झोतात बसू नका, थेंब मनानं बंद करू नका. आणि दुखतंय ते घरात सांगा. माझ्या गप्प बसण्यानं डोळ्यांपेक्षा त्या पोरीला जास्त त्रास झाला.

हळूहळू खुपणं कमी झालं. डॉक्टरांनी थेंबही थांबवले. तरी ऑफिसला निघताना प्रणाली माझी हनुवटी वर करून बघतेच. "बरे आहेत ना?"

बरे असतात. पण मी म्हणते, "जरा नीट बघ."