नवव्या दिवशी गाडी

सांगलीपासून चार कोसांवरच्या आमच्या घरात विटाळ फार कडक. बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा सासूबाईंना चालायची नाही. थोरले दीर लढाईवर होते, त्या वर्षी जाऊबाईंचं रक्त वीस-वीस दिवस जायला लागलं आणि त्यांचा मुक्काम गोठ्याशेजारच्या पडवीतच पडला. मी धाकटी. लांबून ताट सरकवायची.

दवाखान्यात न्यायला कुणाची ना नव्हती. पण अशा अवस्थेत गाडीत बसवायची कशी? सासूबाई म्हणायच्या, "थांबलं की न्हाऊ दे, मग न्हेऊ डॉक्टरीनबाईकडं." थांबलं की जाऊबाई न्हायच्या, चुलीपुढं बसायच्या नि म्हणायच्या, "आता बरं हाय की." चार दिवसांनी परत पडवी. श्रावणापासून दिवाळीपर्यंत हेच चाललं. आम्ही शहाण्यासुरत्या बायका, पण हे उफराटं आहे हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मला त्याचा अजून राग येतो.

एका सकाळी जाऊबाई पडवीत कोसळल्या. ओठ पांढरेफटक. शिवू की नको, म्हणून मी जागीच थिजले. सासूबाई देवाला पाणी घालत होत्या. तांब्या तिथंच ठेवून आल्या आणि सुनेचं डोकं सरळ मांडीवर घेतलं.

"बगत काय उभी ऱ्हायलीस? गाडी जुंपाय सांग."

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन पिशवी आतून खरवडून साफ केली, निघालेला तुकडा तपासायला पाठवला. मग सासूबाईंवर रागावल्या, "रक्त जात असतानाच आणायचं. थांबायची वाट कसली बघता?" कुणाचं ऐकून घेणं सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "चुकलं माजं." तपासणीत वाईट काही निघालं नाही, जाऊबाई वाचल्या.

विटाळ सासूबाईंनी सोडला नाही. हाडीमाशी खिळलेला तो. पण पुढं घरातली कुणीही बाजूला बसली की त्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढायच्या. आठ रेघा झाल्या की नवव्या दिवशी गाडी. न शिकलेल्या त्या बाईचं मला फार कौतुक वाटतं.

माझ्या आठ रेघा एकदाच भरल्या. मी म्हटलं, "आत्ती, उद्या थांबंल. न्हाऊनच जाते."

सासूबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. शेजारची जागा हातानं थोपटत म्हणाल्या, "ये, हितं माज्याजवळ बस."