म्हाळूआप्पांची अकरा पावलं

म्हाळूआप्पा आकडा कधी तोंडानं सांगत नसत. वय विचारा, घरात माणसं किती ते विचारा, नाहीतर न्हावऱ्याची किती तिकिटं फाडू असं एसटीच्या कंडक्टरनं विचारू दे. आप्पा खांद्यावरचं उपरणं काढायचे, समोरच्याच्या हातावर टाकायचे आणि त्याखाली त्याची बोटं धरून उत्तर द्यायचे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक सौदा असाच करतात, म्हणजे भोवती उभ्या असलेल्या बघ्यांना भाव कळत नाही. तीस वर्षं बैलांची दलाली करून आप्पांच्या हाताला ती सवयच जडली होती. एकदा नव्या डॉक्टरनं गोळ्या दिवसातून किती वेळा घेता म्हणून विचारलं, तर आप्पांनी त्याचाही हात उपरण्याखाली घेतला. डॉक्टर पुण्याचा होता, त्याला काही कळेना.

मी त्यांच्याकडे गेलो तो शिकायला. फी भरून. मी तेव्हा दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो आणि घर शिरूरला. चौऱ्याहत्तरचा संप नुकताच होऊन गेला होता. मला कामावर परत घेतलं होतं, पण आमचे साहेब माझ्याकडे असे बघायचे, जणू सगळ्या देशातल्या गाड्या मी एकट्यानंच अडवून धरल्या होत्या. नोकरीवरून माझं मन पार उडालं. त्यात बहात्तरचा दुष्काळ सरला होता. दुष्काळात ज्यांनी दावणी रिकाम्या केल्या ते आता बैलजोड्या शोधत होते आणि बैलांचे भाव दर बाजाराला चढत होते. अमक्यानं इकडं जोडी घेतली, तिकडं विकली, महिन्याचा पगार एका दिवसात सुटला, अशा गोष्टी दौंड-शिरूर एसटीत मी इतक्या ऐकल्या की शेवटी राजीनामा लिहून काढला. फक्त तारीख घालायची ठेवली आणि कागद सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडू लागलो.

माझ्या बायकोला, सुमनला, ते सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "बैलाचं शेपूट कुठल्या अंगाला असतंय, ते तरी ठाव हाय का?" एवढंच म्हणाली. तिचं बोलणं मला लागलं, आणि धंद्यात उतरण्यापूर्वी धंदा शिकून घ्यायचा असं मी ठरवलं.

शिरूरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर पाटी होती: 'बैल घेणे व विकणे. सात धड्यांत व्यापारी. फी आगाऊ.' पाटीखाली आप्पा बसलेले. मी माझी कळकळ पटावी म्हणून खिशातला राजीनामाच त्यांच्या पुढ्यात ठेवला. चौथी शिकलेल्या आप्पांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला, उलटून पाहिला, बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "कागद झ्याक हाय. जाड हाय." आणि परत दिला. मग उपरणं पडलं आणि त्याखाली माझी चार बोटं धरली गेली, म्हणजे चाळीस रुपये. "तुमाला म्हनून कमी सांगितलं, पार्सलबाबू. कुनाला बोलू नका," आप्पा कानाशी म्हणाले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

वर्गात आम्ही आठ-नऊ जण होतो: एक एसटी कंडक्टर, एक शिंपी, पलटणीतून परतलेला एक हवालदार आणि माझ्यासारखे इतर, नोकरीला कंटाळलेले. खाली गिरणी सुरू झाली की सगळी माडी थरथरायची आणि वर्ग सुटेपर्यंत आमच्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. तिसऱ्या धड्याला कुणीतरी फीचा विषय काढला. माझी चाळीस, शिंप्याची तीस, कंडक्टरचा अख्खा पंजा, आणि प्रत्येकाला 'तुमाला म्हनून कमी'. कंडक्टर तावातावानं उठला. आप्पा शांत होते. "ह्योच तर धडा हाय," ते म्हणाले. "उपरन्याखालचं भाईर बोलायचं नसतंय. तुमी बोललासा, म्हनून तुमाला तरास झाला." कंडक्टर खाली बसला. त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं.

त्याच कंडक्टरनं एकदा विचारलं, "आप्पा, एकाची खूण कळली, पाचाची कळली. काहीच नाही, याची खूण कशी करायची?"

"फुकट कोन देतंय बाजारात?" आप्पा म्हणाले. "त्याला खून कशापायी पायजे? न्हाई त्याला खून."

दात मोजून वय कसं ओळखावं, खूर कसा पाहावा, वशिंड दाबून बघताना तोंडावर नापसंती कशी आणावी, हे सगळं ते मनापासून शिकवत. पण त्यांचा खरा जीव सातव्या धड्यात होता. भाव ऐकला की 'बघू' म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मोजून अकरा पावलं. सातव्या-आठव्याला दलाल हाक मारतोच. नाहीच मारली तर अकराव्याला खाली वाकून वहाणेचा अंगठा नीट करायचा, म्हणजे त्याला आणखी थोडा वेळ मिळतो. "वाकल्यावर मागं बघायचं न्हाई," आप्पा बजावत. "मागं बघितलं की भाव चढला." ही अकरा पावलं आम्ही गिरणीच्या माडीवर इतकी घटवली की खालचा गिरणीवाला एकदा वर येऊन विचारून गेला, कसली कवायत चाललीय म्हणून.

शेवटी परीक्षा. बाजारात जायचं, स्वतःच्या पैशानं जोडी घ्यायची आणि पुढच्या बाजारी विकायची. जोडी नफ्यात गेली की सोमवारी दौंडला जाऊन साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवायचा, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं बंडीच्या आतल्या खिशात घातलं. सदऱ्याच्या खिशात राजीनामा होताच.

गेनू दलालाच्या दावणीला एक पांढरी जोडी होती. मी दात पाहिले, खूर पाहिले, वशिंड दाबून नापसंती दाखवली. गेनूनं उपरण्याखाली भाव सांगितला. मी 'बघू' म्हणालो आणि पाठ फिरवली. एक, दोन, तीन. सात झाली, हाक नाही. आठ झाली, हाक नाही. मग मला मागून हळू आवाजात काहीतरी ऐकू यायला लागलं. दलाल मोजत होते. एकटा गेनू नव्हे, दावणीवरचे सगळेच. "नऊ. धा. अकरा." मी थांबलो. "आता वहाण," गेनू म्हणाला, आणि सगळा बाजार खो खो हसला.

मी खरंच वाकलेला होतो. माझा हात वहाणेच्या अंगठ्यावर होता.

तसाच घरी निघून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण एवढ्या लोकांनी पाहिल्यावर रिकाम्या हातानं जायची मला लाज वाटली, आणि लाजेपायी मी गेनू सांगेल त्या भावाला जोडी घेतली. पैसे मोजून घेताना तो अगदी आदरानं बोलला. "आप्पांच्या शाळंतले न्हवं तुमी? लगीच वळकू येतंय. चांगलं तयार करत्यात त्ये."

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या वावरात जोडी जुंपली. उजवीकडचा बैल दोन तास गुमान चालला, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आणि तिसऱ्याला बसला. हाकलला, चुचकारला, शेपूट पिळलं. तो खुर्चीतल्या साहेबासारखा निवांत बसून राहिला. बशा बैल. सुमन बांधावर उभी होती. "शेपूट सापडलं वाटतं," ती म्हणाली आणि घराकडे गेली.

पुढच्या बाजारी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. शेवटी गेनूनंच 'तुमची अडचन नको' म्हणून पडत्या भावात जोडी परत घेतली. त्यानंतरच्या बाजाराला तीच जोडी आमच्या वर्गातल्या शिंप्यानं घेतली. तोही अकरा पावलं चालून आला होता. आणि त्याच दिवशी गेनूच्या शेजारी टपरीवर बसून चहा पिताना मी आप्पांना पाहिलं. चहाचे पैसे गेनूनं दिले. त्या चहाचा अर्थ काय लावायचा, हे मला आजही कळलेलं नाही.

मी तडक गिरणीच्या माडीवर जाऊन बसलो. आप्पा आले तसं सांगितलं, "आप्पा, माझी फी परत द्या."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जुपून बघितला व्हता का?"

"ते तुम्ही शिकवलंच नाही."

"त्ये वरच्या वर्गात हाय," आप्पा म्हणाले. "त्याची फी येगळी."

मी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. त्या दिवशी उचलला असता. आप्पांनाही ते दिसलं असावं. त्यांनी उपरणं काढलं नाही, उघडाच हात पुढं केला. "खिशातला कागद काडा. तारीख घातली का?"

"नाही."

"द्या हिकडं." त्यांनी राजीनामा घेतला, घडी घातली आणि बंडीत ठेवून दिला. "बैल माघारी जातोय, पडत्या भावात का हुईना. ह्यो कागद एकदा दिला की माघारी न्हाई येत, पार्सलबाबू. सोमवारी गपगुमान कामाला जावा."

"आणि माझी फी?"

"फी न्हाई मिळायची," आप्पा म्हणाले.

मी सोमवारी कामावर गेलो. पंधरा दिवसांनी सुट्टीला आलो तर गिरणीच्या दाराला नवी जाहिरात डकवलेली. जाड, चांगला कागद. 'नवीन वर्ग सुरू. आता पावलं तेरा. फी आगाऊ.' खळीनं ओल्या झालेल्या कागदातून मागची शाई फुटली होती आणि त्या अक्षरांमागे उलटी अक्षरं दिसत होती. ती माझी होती. सविनय राजीनामा सादर करत होती. दौंडचं कुणी शिरूरला येऊन कागद उलटून बघेल या भीतीनं मी तो फाडायला गेलो, तर गिरणीवाला म्हणाला, राहू द्या, आप्पांनी खळ लावून पक्का चिकटवलाय. पावसाळ्यात तो आपोआप विरून गेला.

नंतर दोन-तीन वर्षांनी, आणीबाणी उठल्यावर, आप्पा अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी भेटायला गेलो. मला तोवर बढती मिळाली होती आणि नव्या साहेबाला संपाचं काही माहीत नव्हतं. आप्पा गोधडीत अगदी लहान दिसत होते. त्यांची म्हातारी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं. "आप्पा, खरं सांगा. तुमच्या वर्गात शिकून व्यापारी किती झाले?"

आप्पांनी उशाशी पडलेल्या उपरण्याकडे नजर टाकली. मी ते उचलून आमच्या हातांवर पसरलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. मी बोटांकडे लक्ष ठेवून वाट पाहत राहिलो. त्यांनी एकही बोट धरलं नाही, पंजाही धरला नाही. नुसता तळहाताला तळहात लावून ते माझ्याकडे बघत राहिले. काहीच नाही, याला खूण नाही म्हणाले होते, पण ती खूणच होती. मला हसू आलं, पण हात मी काढून घेतला नाही.

निघताना दाराशी म्हातारीनं मला अडवलं. तिनं प्रश्न ऐकला होता, उत्तर तिला उपरण्यामुळं दिसलं नव्हतं.

"किती म्हनले वो?" तिनं विचारलं.

उपरण्याखालचं बाहेर बोलायचं नसतं, हे मी फी भरून शिकलो होतो.

"पंजा धरला," मी म्हणालो. "पाच."

"पाच जनांचं भलं झालं म्हना की," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.