टोपलीची सावली आन सरांचा आवाज

माझ्यासारख्या नकला करणाऱ्याची आठवण म्हटल्यावर तुम्ही दंडारीची, गावच्या नाचगाण्याच्या नाटकाची, वाट पाहून राहिले असाल. नाही जी. ही गणिताची आहे. थांबा, पळू नका!

गोंदियात कॉलेज नवीनच निघालं होतं. आमच्या गणिताच्या सरांनी बुरडाकडून विरळ विणीच्या दोन गोल टोपल्या आणल्या, तोंडाला तोंड लावून बांधल्या. झाला चेंडू! खोलीत अंधार करून त्याच्या डोक्याला बॅटरीचा बल्ब टेकवला, आन खाली चादरीवर अशी सावली पडली का मी वरडलोच. टोपलीवर काड्या जिथं काटकोनात भेटत, तिथं सावलीतही काटकोन! टोपलीवरचं कडं गोल, तं सावलीही गोल. चेंडू फिरवला का सावलीतलं लहान कडं मोठं होई, पण गोल ते गोलच.

"म्हणून सारी कडी एका घरची," सर म्हणत. "ही नागमोडी काडी दुसऱ्या घरची. कितीही फिरवा, तिची सावली गोल होत नाही."

नागपूरचे एक मोठे प्रोफेसर हे पाहायला येणार होते. पसंत पडलं तं सरांना तिकडं शिकवायला बोलावणार. आन त्याच दिवशी सरांचा घसा बसला! नुसती फुसफुस निघे. त्यायनं मले कोपऱ्यात ओढलं. "पोरांत माझी नक्कल करतोस ना रे? आज कर."

अंधारात टोपली घेऊन सर उभे, टेबलाखाली मी.

"हं, तं मंडळी, कोन पाहा कोन! दिसलं का?"

हुबेहूब! पोरं तोंडात रुमाल कोंबून राहिले होते.

"वा!" पाहुणे म्हणाले. "आणि ही वाकडी काडी?"

"जन्मभर फिरवा साहेब, तिचं घर वेगळं!"

पाहुणे खुशीत हसले. मले तं पंखच फुटले. सरांनी न सांगितलेलंही बोलून गेलो, "इथं कोन बदलत नाही, आन मापही बदलत नाही!"

चादरीवर कडं तं डोळ्यांदेखत बांगडीएवढ्याचं ताटाएवढं झालं होतं. सर अंधारात हात हलवून राहिले, पण तोंडातून निघाली फक्त फूस.

"मास्तर," पाहुणे उठत म्हणाले, "तुम्हालाच हे नीट उमगलेलं दिसत नाही." आन गाडी गाठायला निघून गेले.

सरांनी मले कानाला धरून टेबलाखालून काढलं आन फुसफुसतच झापलं. "गाढवा! माप कशाला घुसवलंस? माप बदलतं आणि कोन टिकतो, त्यातच तर सगळी गंमत! माझा आवाज घेतलास, तर थोडं डोकंही घ्यायचं होतंस. आता पळ स्टेशनवर! आणि चूक कोणाची ते त्यांना तुझ्या आवाजात सांग!"