गणपतीशेजारचा निळा समुद्र

तमाम रत्नागिरीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गणपतीशेजारी जो निळा समुद्र दिसत होता, तो देखावा नव्हता. ज्यांनी त्याला मनोभावे हात जोडले, त्यांनी माशांच्या दवाखान्याला हात जोडले. खुलाशाला उशीर झाला, कारण बाबांनी आम्हा सगळ्यांना गप्प बसायची खूण केली होती.

बाबा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एंजल माशांची जोडी आणली आणि टाकीत एक जुनी दगडी पाटी तिरकी उभी केली. मादी त्या पाटीवर राजगिऱ्याएवढी अंडी घालायची, तीही अशा ओळींत, की बाबा म्हणत, "माझ्या एकाही विद्यार्थ्याला इतकं सरळ लिहिता आलं नाही." पण दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडत. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी चढे आणि ती शेजारच्या धडधाकट अंड्यांनाही धरे. त्या दिवशी बाबा जेवताना मान वर करत नसत.

"सुतक माशांच्या घरी आणि उपास आमच्या," असं आई म्हणायची. पण तिलाही ते बघवत नसे. निवृत्तीनंतर बाबांचा जीव गुंतलेला असा तो एकच उद्योग होता.

शेवटी मासेवाल्या दुकानदाराने उपाय सांगितला: मिथिलीन ब्लू. अंड्यांसकट पाटी वेगळ्या काचेच्या भांड्यात ठेवायची, टाकीतलंच पाणी घालायचं, पंपाने बुडबुडे सोडायचे आणि औषधाचे थेंब टाकायचे. पाणी निळं व्हावं, पण अंडी दिसावीत, इतकेच. मग बुरशी धरत नाही.

आणि मादीने मुहूर्त कोणता धरावा? हरतालिकेचा! दुसऱ्या दिवशी गणपती. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, इन्व्हर्टरचा प्लग घरात एकच, तो गणपतीच्या खोलीत. बुडबुडे थांबले तर अंडी गेली. म्हणून भांडं मखराशेजारी विराजमान झालं. औषध सांडून बाबांची बोटं निळी झाली होती. साबण, लिंबू, राख, कशालाच दाद देईनात. निळ्या बोटांनी त्यांनी पूजा केली. गुरुजींनी त्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि मंत्रांचा वेग वाढवला.

दर्शनाला माणसं येऊ लागली. "वा मास्तर, क्षीरसागर झकास!"

"क्षीरसागर दुधाचा असतो हो. हा आपला भाट्याचा समुद्र," शेजारचे काका म्हणाले.

देवाशेजारी बुरशीचं औषध ठेवलंय, हे बाबा कोणत्या तोंडाने सांगणार? ते नुसते हसत होते.

दुपारी राजापूरहून अक्का आली, बाबांची थोरली बहीण. तिने गणपतीला नमस्कार केला, समुद्रालाही केला आणि मूठभर अक्षता त्यात वाहिल्या.

"अक्का, अगं, आत अंडी आहेत!"

"गणपतीत अंडी?"

"माशांची! जिवंत!"

अक्काने कमरेवर हात ठेवले. "मेल्या, मग बोलायला काय झालं होतं? माझी मूठ उघडेपर्यंत बघत उभा राहिलास!"

बाबांनी चिमट्याने एकेक तांदूळ वेचला. कुंकवाने गढूळलेलं पाणी थोडं बदललं, पुन्हा थेंब टाकले. अक्का पाट घेऊन भांड्याशेजारी बसली, ती बसलीच. कोणी हात पुढे केला की तिचं सुरू, "देव तिकडे! इकडे काही वाहायचं नाही. चला पुढे!"

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. टाकी माझ्याकडे आहे. औषधाची बाटली उघडली की मला अजून मोदक पुढे करणारी ती निळी बोटं दिसतात.

तर त्या वर्षी दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीच्या सकाळी, थोडी अंडी पांढरी पडलेली होती. बाकीची जिवंत की मेलेली, कळत नव्हतं. बाबांनी ताट तसंच बाजूला सारलं. आईने या वेळी टोमणा मारला नाही.

संध्याकाळी आरतीला खोली गच्च भरली. तबक बाबांच्या हातात, नजर निळ्या पाण्यावर, त्यामुळे ओवाळणं देवाला कमी आणि भिंतीला जास्त. टाळ्या, झांजा, सूर टिपेला गेलेले. अक्काचं मात्र आरतीत लक्ष नव्हतं. ती चष्मा काचेला टेकवून वाकली, आणखी वाकली, आणि झांजांच्याही वर तिचा आवाज गेला, "थांबवा रे ती आरती, पोरं झाली!"