वर आलेली कणसं

परळच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. दरवर्षी ग्रीसच्या एका हुकूमशहाची गोष्ट सांगायचो. अभ्यासक्रमात नव्हती, पण मला सांगायला आवडायची. सत्ता कशी टिकवावी, हे विचारायला त्याने शेजारच्या मुरलेल्या हुकूमशहाकडे माणूस पाठवला. त्या मुरलेल्याने अवाक्षर न काढता त्याला शेतात नेलं आणि चालता चालता वर आलेलं प्रत्येक कणीस छाटून टाकलं. निरोप पोचला. आपल्या पठ्ठ्याने गावात डोकं वर काढणारी माणसं संपवली. त्याने व्यापार वाढवला, लोक त्याला शहाण्यांतही मोजत, पण मागे उरली ती ही कणसांचीच गोष्ट. मी नवा कोरा खडू कटकन मोडून दाखवायचो. पोरं हसायची.

एकदा आमच्याच चाळीतल्या मुलीने विचारलं, "सर, पण त्या शेताचं काय झालं?" मी तिला खाली बसवलं.

पुढे ती नर्स झाली. करी रोडची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा ती कमिटीत होती, अध्यक्ष मी. नकाशा आल्यापासून तिने एकच धरून ठेवलं: टॉवरखाली मोकळी जागा हवी. चाळीत माणूस गेलं की पटांगणात ठेवत, सगळे मजले गॅलरीत उभे राहत. नव्या इमारतीत कुठे ठेवायचं? बिल्डरला तिथे पार्किंग हवं होतं. आणि ती बोलायला लागली की सगळे माझ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत, हे मला सलत होतं. खरं कारण तेवढंच. तिला ड्युटीमुळे वेळ होत नाही, असं सांगून मी पुढच्या कमिटीतून तिचं नाव गाळलं. कोणी हूं की चूं केलं नाही. पार्किंग झालं.

गेल्या वर्षी माझी बायको गेली. तिला खाली आणलं, तर दोन गाड्यांच्या मध्ये, ऑइलच्या डागांवर ठेवायची वेळ आली. लोक रॅम्पवर अंग चोरून उभे होते. माझी मान वर होईना. तेवढ्यात ती, मी कमिटीतून गाळलेली मुलगी, आली. वॉचमनला घरोघर पाठवून तिने चार गाड्या बाहेर काढायला लावल्या, फरशी पुसून घेतली, घरची सतरंजी अंथरली.

"काकूंना इथे ठेवूया, सर. सगळ्यांना बघता येईल."

मला तिची क्षमा मागायची होती. अजून मागितलेली नाही. लिफ्टमध्ये भेटली की ती जेवलात का विचारते. त्या शेताचं काय झालं, या तिच्या शाळेतल्या प्रश्नाचं उत्तर आता मला ठाऊक आहे. मी 'हो, जेवलो' म्हणतो आणि मजल्यांचे आकडे बघत राहतो.