ताई मनानं हरल्या नव्हत्या

ताई गेल्याची बातमी मला मोबाईलवर कळली, आणि तीही अशा शब्दांत की आधी रडू आलंच नाही, संतापच आला. आदल्या संध्याकाळी मी बेलापूरहून सावेडीला घरी परतले होते. सकाळी मेथी निवडत बसले असताना घराच्या ग्रुपवर आमच्या नंदाव्यांचा, म्हणजे नणंदेच्या यजमानांचा निरोप आला. 'रंजनाताई आज पहाटे आपल्यातून गेल्या. आपण सर्वांनी शर्थ केली, पण अखेर त्यांच्याच मनाने साथ सोडली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. यकृत निकामी झालेलं, पोटात पाणी साठलेलं, घोटभर चहा घशाखाली उतरत नव्हता बाईच्या... आणि साथ सोडली म्हणे मनानं! परीक्षेत नापास झालेल्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर शेरा मारावा तसं ते वाक्य होतं. लिहिणारे निवृत्त मुख्याध्यापकच, त्यामुळं हाताला सवय असणार.

रंजनाताई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांचं घर बेलापूरला, आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, शेताचं बघायचे आणि गिरणी ताईंची. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा गिरणीच्या आवाजानं माझं डोकं उठायचं. ताईंना त्या आवाजातही सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं, नको ते तर जास्तच. माझ्या भाकरीला पहिल्या दिवशी नकाशाचा आकार आला तेव्हा सासूबाई काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो, पोटात गेल्यावर समदं गोलच व्हतं." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. पुढं आम्ही नगरला, सावेडीत राहायला आलो, पण माहेरपणाला मी बेलापूरलाच जायची. माझं माहेर होतं, पण तिथं इतकं हसायला मिळत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो सुरू झाली, आणि नगरला दवाखाना म्हणून प्रत्येक खेपेला त्या माझ्याकडं राहायच्या. तेव्हा मी विश्वास म्हणजे काय ते पाहिलं. त्या भिंतीकडं बघत 'मी बरी होणार' असं पुटपुटत बसल्या नाहीत. सुईला घाबरायच्या, घाबरलेय म्हणून सांगायच्या, आणि हात पुढं करायच्या. उलटी झाली की चूळ भरून म्हणायच्या, "वाढ गं पुन्हा. औषध त्याचं काम करील, आपुन खायाचं काम करू." केस गेले तेव्हा आरशासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "बरं झालं, गिरनीत केसात पीठ जायाचा परश्न मिटला." मग आत जाऊन रडल्याही. रडून झाल्यावर चहा मागितला. उजवा हात वर जाईना तर गिरणीत डाव्या हातानं दळण ओतायला शिकल्या, आणि बघायला येणाऱ्या बायांना सांगायच्या, "मी बरी व्हनार हाय, तुमी दळान ठिवून जा." आणि झाल्या की बऱ्या! चांगली वर्षं मिळाली. औषधानं दिली, डॉक्टरांनी दिली, पण त्या बाईच्या भरवशानंही दिली, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. विश्वासावर माझा राग नाहीच. विश्वासावर पहारा बसवणाऱ्यांवर आहे.

गेल्या दिवाळीनंतर दुखणं उलटलं, यकृतात गेलं. डॉक्टरांनी भाऊंना आणि मला समोर बसवून स्वच्छ सांगितलं की आता बरं करणं हातात नाही, त्रास कमी करणं हातात आहे. भाऊ पार खचले. आणि त्याच आठवड्यात आमचे नंदावे घरात आले ते ठाण मांडूनच. त्यांना सगळे सर म्हणतात, सख्खी माणसंसुद्धा. निवृत्तीनंतर ते गावोगाव आत्मविश्वासावर व्याख्यानं देतात. माणूस वाईट नाही. भर उन्हात स्वतः गाडी चालवून त्यांनी ताईंना दवाखान्यात नेलंय, त्यांच्यासाठी नारळपाणी शोधत फिरलेत. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट माणसाला दाराबाहेर तरी काढता येतं. सरांनी घराला नियम घालून दिला. आजाराचं नाव कुणी काढायचं नाही, डॉक्टरांनी काय सांगितलं ते ताईंच्या कानावर घालायचं नाही, कुणी रडायचं नाही, आणि खोलीत जाताना हसत जायचं. भाऊंना तर बुडताना काठी सापडली. डॉक्टरांनी दिलेली आशा संपली होती आणि सर सांगत होते की आशा आपल्याच हातात आहे, फक्त कुणी शंका घ्यायची नाही.

घराचं नाटक झालं. दारापाशी चेहरे बदलून माणसं आत जायची, "वा वा, आज तर एकदम टवटवीत!" म्हणायची आणि बाहेर येऊन डोळे पुसायची. ज्या बाईला गिरणीच्या घरघरीत कुजबुज ऐकू यायची तिला हे ऐकू येत नसेल? ताईंना खूप काही बोलायचं होतं. गिरणी कुणाला चालवायला द्यायची, पल्लवीचं काय करायचं. पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी, श्रीरामपूरला कॉलेजात शिकते. एकदा माझ्यासमोर त्यांनी भाऊंना हाक मारली, "अवो, जरा बसा. माझ्या माघारी पोरीच्या लग्नाची घाई करू नका, तिला शिकू द्या..." भाऊ बसलेसुद्धा होते. सर दारातून म्हणाले, "ताई, असे नकारात्मक शब्द तोंडातून काढायचे नाहीत. शरीर ऐकत असतं." भाऊ उठून गेले. शरीर ऐकत असतं म्हणे! नवरा ऐकत होता, त्याला उठवलंत. आपल्या लेकीबद्दलचं शेवटचं सांगणं त्या बाईला नवऱ्याशी बोलता आलं नाही. मला सांगितलं त्यांनी, आणि मी भाऊंना सांगितलं, पण ते बायकोच्या तोंडून ऐकणं निराळं होतं.

आणि मग पल्लवी. एका दुपारी ती आईचे पाय चेपत होती. पाय सुजून टम्म दिसायला लागले होते. पोरगी एकाएकी त्या पायांवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडली. ताईंनी तिच्या केसांत हात घातला होता. तेवढ्यात सर आले, तिला दंडाला धरून ओसरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "तुझ्या एका रडण्यानं तिचा धीर खचतो, कळतं का? तुला आई हवी आहे ना?" एकोणीस वर्षांच्या पोरीला हा प्रश्न! भाऊ शेजारी उभे होते, मान खाली घालून. त्या दिवसापासून पल्लवी नळावर तोंड धुऊन, आरशात हसून बघून मगच आत जायची. हसू जमलं नाही तर जायचीच नाही. शेवटी शेवटी तर फारसं जमत नव्हतं. आतून ताई विचारायच्या, "पल्ली कुठंय?" आणि बाहेर ती ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेली असायची... मी तिला आत ओढून नेलं की दोन मिनिटांत कुणीतरी तिला पाणी आणायला पाठवायचं.

दशक्रिया प्रवरेच्या घाटावर झाली. आमच्याकडं प्रवचन झालं की श्रद्धांजलीची भाषणं होतात, माईक असतो, गावातल्या मानकऱ्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळे बोलतात. निम्मे लोक गेलेल्या माणसाला ओळखतही नसतात. सर शेवटी उठले. छान बोलतात ते, तीच तर पंचाईत आहे. "रोगानं ताईंना हरवलं नाही," ते म्हणाले, "शेवटच्या काही दिवसांत घरात अश्रू शिरले, शंका शिरली, आणि ताई मनानं हरल्या. आपण यातून धडा घ्यायला हवा." लोकांनी माना डोलावल्या. मी पल्लवीकडं पाहिलं. ती बायकांत बसली होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी तिचं नाव घेऊन तिला गुन्हेगार ठरवलंय. ठरवलंच होतं. घरात अश्रू कुणाचे शिरले होते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आमच्याकडं घाटावर बायका बोलत नाहीत. मी उठून उभी राहिले. माईक माझ्या हातात नव्हता आणि लागलाही नाही. "खोटं हाय हे!" मी ओरडले, आणि शहरात राहून घासून पुसून गुळगुळीत केलेली माझी भाषा कुठल्या कुठं गेली. "काळजानं खंबीर हुती माझी जाऊ! लिव्हर गेलं म्हनून गेली ती! डाक्टरनं सांगितल्यालं हाय, भाऊंना इचारा! मेलेल्या मानसाला नापास करता व्हय तुमी?" पदर ओढून मला कुणीतरी खाली बसवलं. सर म्हणाले, "दुःखात माणूस असं बोलतो, समजून घ्या." भाऊ नदीकडं बघत राहिले. मला त्या क्षणी भाऊंचा जितका राग आला तितका सरांचाही आला नाही.

पुढचे दिवस घरी बायका भेटायला येत राहिल्या. आमच्याकडची रीतच आहे, आलेली बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडते, मग घरचीही रडते, आणि दोघींचं ओझं थोडं उतरतं. पल्लवीच्या गळ्यात बायका पडायच्या आणि ती खांबासारखी उभी राहायची. कुणी रडायला लागलं की तिच्या तोंडावर ते नळावरचं हसू यायचं, आपोआप. मग ती चहा आणायला आत जायची. "पोरगी दगडाची हाय गं," एक म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली. मी तिला काय सांगणार होते की हा दगड कुणी घडवलाय? एकदा भांडी घासताना पल्लवीनं मला विचारलं, "काकू, मी रडले म्हणून आई हरली का?" मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, यकृत म्हणजे काय, रडण्यानं असं काही होत नसतं. तिनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली. तिला एक अक्षर पटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात ती सावेडीला आली, एकटीच, मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन एसटीनं. "आईनं तुमच्या वाटणीच्या काढून ठेवल्या होत्या," म्हणाली. कुरडया होत्या. चैत्रात ताईंनी अंगात त्राण नसताना गहू भिजत घातले होते, खुर्चीवर बसून चीक शिजवून घेतला होता. मला त्या वेळी जाता आलं नव्हतं. मी कढई ठेवली, एक कुरडई तेलात सोडली. फुलून पांढरीशुभ्र वर आली. अर्धी तिला दिली, अर्धी मी तोंडात घातली... आणि डोळ्यांत पाणी आलं. खारट! नुसतं मीठ खाल्ल्यासारखी. पल्लवी माझ्या तोंडाकडं बघत होती.

"खारट झाल्यात गं," मी म्हणाले.

"मला माहीत होतं, काकू. औषधांनी आईची चव गेली होती ना. तिनं पळीत चीक घेऊन सगळ्यांना चाखायला दिला. म्हणाली, मीठ बघा, माझ्या जिभेला काय कळत न्हाई. सर म्हणाले, अप्रतिम! आत्या म्हणाली, एकदम बरोबर. पप्पा मान हलवून बाहेर गेले. मग तिनं मला विचारलं... सर माझ्याकडं बघत होते. मी पण म्हणाले, बरोबर आहे. म्हणून तिनं दुसऱ्या पातेल्यातसुद्धा तेवढंच मीठ घातलं. आईला मी फसवलं, आणि रडून..."

"तू कुणाला फसवलं नाहीस," मी म्हणाले. आणि मला आठवलं ते तिला सांगितलं. शेवटच्या खेपेला ताई माझ्याकडं होत्या तेव्हा कॉटवर पडल्या पडल्या हसत म्हणाल्या होत्या, "औंदा कुरडया खाऱ्या झाल्यात बरं का. अळनी वरनासंग खाय." मी विचारलं, तुम्हाला तर चव लागत नाही, कळलं कसं? तर म्हणाल्या, "अगं, चीक म्हंजी पल्लीचा जीव. वाटी वाटी खाती. त्या दिशी बोटभर चाटलं अन् तांब्याभर पानी प्याली. समद्यांनी तोंडानं खोटं सांगितलं, पन माझ्या पोरीला खोटं जमतच न्हाई. लई बरं वाटलं बघ. मागं पायावर पडून रडली तवाबी असंच वाटलं... म्हनलं, ह्या घरात एक तरी मानूस माझ्याशी खरं वागतंय."

पल्लवीनं तोंडातला घास गिळला. मग तिनं उरलेला तुकडाही तोंडात घातला. "खारटच आहेत," ती म्हणाली, मग पुन्हा, मोठ्यानं, "किती खारट केल्यात आईनं!" आणि ओट्याला धरून खाली बसली आणि रडायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. दबून नाही, तोंडावर हात न ठेवता, घर डोक्यावर घेऊन. दार उघडंच होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई घाबरून आत डोकावल्या. "अहो, काय झालं हिला? गप्प करा की."

मी गॅस बंद केला.

"आई गेलीय तिची," मी म्हणाले, "रडू द्या."