दुसरा पेला

कोपऱ्यावरच्या खानावळीत टेबलं मांडायचं काम मंदा करते. पस्तिशीची आहे. तिला शिकायला वेळ लागतो, पण शिकलेलं ती सोडत नाही. तिला हे काम मिळवून देणाऱ्या संस्थेच्या बाई महिनाभर तिच्या शेजारी उभ्या राहिल्या, मग दाराशी, मग यायच्या थांबल्या. प्रत्येक टेबलावर दोन पेले, हे त्यांनीच शिकवलेलं. मी एकटा जेवतो, तरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ती पाणी ठेवतेच.

काल मालक खेकसले, “अगं, सर एकटेच असतात! अशानं तुला कामावर कसं ठेवू?”

तिनं दुसरा पेला परत उचलला.

“राहू द्या हो,” मी म्हणालो, “मला दोन लागतात.”

शिकवणारं माणूस निघून जातं, हाताला लागलेलं वळण राहतं. बायको जाऊन वर्ष झालं, घरी मीही अजून दोनच पेले भरतो. फक्त तिथं ओरडायला कुणी नाही.